बारीक अक्षरांचा अपडेट

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कागदावर, बॉलपेनने. फोनमध्ये नोट्स लिहायची सोय आहे, पण ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच पोटात लिहून ठेवायचं, इतका मी भोळा नाही.

घडलं ते असं. सकाळी दुकान उघडलं आणि फोनवर पाटी आली. मोठा अपडेट आला आहे. नवं रूप, नवी अक्षरं, जास्त सुरक्षा. आणि सगळं फुकट.

फुकट या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे. आम्हीही चष्म्याबरोबर दोन गोष्टी फुकट देतो, डबी आणि पुसायचं फडकं. दोन्हींवर दुकानाचा नंबर छापलेला असतो. तेव्हा फुकट का देतात हे मला कुणी शिकवू नये. पाणी कुठेतरी मुरतंय.

शिवाय 'जास्त सुरक्षा' म्हणजे काय? आतापर्यंत कमी होती हे कधी सांगितलं होतं?

खाली दोन बटणं. 'आज रात्री' आणि 'नंतर'. 'कधीच नाही' असं बटण नाही. हा विसरभोळेपणा नव्हे. 'नंतर' दाबलं.

संकल्प: अपडेट करणार नाही. रोज इथे लिहीन. रोज सकाळी फिरायला जाईन. (याचा अपडेटशी संबंध नाही, पण एक संकल्प करतोच आहे तर दुसराही उरकून घ्यावा.)

५ नोव्हेंबर, मंगळवार

फिरायला गेलो नाही. बूट सापडले नाहीत.

लेकीला अपडेटबद्दल विचारलं. ती म्हणाली, बाबा, मी कधीच केला, काही होत नाही, करून टाका. लेक डोळे तपासण्याचं चार वर्षांचं शिक्षण घेऊन या जूनपासून दुकानात बसते. आल्या आल्या आतल्या खोलीत स्वतःची स्क्रीन बसवून घेतली. बटण दाबलं की अक्षरं बदलतात. माझा भिंतीवरचा तक्ता तिला जुना वाटतो. म्हणजे अपडेटची आवड घरातच आहे.

समोरच्या मोबाईलवालीने दारात अपडेटचा कागद लावला आहे. ती आणि लेक दुपारी चहा एकत्र पितात. लक्ष ठेवलं पाहिजे.

६ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

दगा झाला.

रात्री फोन उशाशी चार्जिंगला होता. सकाळी उचलला तर स्क्रीनवर काहीतरी लिहिलेलं. तीन ओळी, राखाडी अक्षरांत. राखाडी अक्षरांत लिहिलेलं वाचण्यासारखं नसतं. असतं तर काळ्यात लिहिलं असतं. ओके दाबलं.

आणि मग बघतो तर सगळी अक्षरं बारीक. कडा पुसट. रंग विटलेले. माझ्या परवानगीशिवाय, मी झोपेत असताना, अपडेट टाकला.

माझ्या डोळ्यांचा प्रश्नच येत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मी धंद्यातला माणूस आहे. रोज दुकान उघडलं की आधी स्वतः खुर्चीत बसतो आणि समोरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचतो. आजही वाचली. आठही अक्षरं, न अडखळता. दुकान काढलं तेव्हापासून तक्ता त्याच भिंतीवर आहे आणि माझी नजरही जिथल्या तिथे आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पुरावे गोळा करायला घेतले. दिसेल त्या बारीक अक्षराचा स्क्रीनशॉट काढतो. सध्या चाळीसेक झाले असतील.

फोन आता मला ओळखत नाही. चेहरा दाखवला की नुसता थरथरतो. मी त्याला वर्षानुवर्षं खिशात घेऊन हिंडतो आणि हा मला परका समजतो. आणखी जवळ धरला, तरी नाही. ही म्हणाली, अहो, फोन बघायचा असतो, हुंगायचा नसतो. (ही म्हणजे सौभाग्यवती. दुकानाचा गल्ला आणि माझी जीभ, दोन्ही तिच्या ताब्यात.)

९ नोव्हेंबर, शनिवार

कंपनीला जाब विचारला. तिकडे माणूस नाहीच, मशीन उत्तर देतं. मी लिहिलं, अक्षरं पूर्ववत करा. त्याने विचारलं, आपण समाधानी आहात का? मी लिहिलं, नाही. ते म्हणालं, छान, आपला दिवस चांगला जावो.

मग ठरवलं की जाहीर नामुष्की करायची. कंपनीच्या पानावर रेटिंगचा एक तारा देणार होतो. पाच गेले. ताऱ्यांच्या जागा बदलल्या आहेत, दुसरं काही नाही. परत घेता येईना. आता कंपनीच्या हिशेबात मी त्यांच्या खूष ग्राहकांत आहे.

फिरायला: नाही. शनिवारी कोण जातं?

११ नोव्हेंबर, सोमवार

गल्लीतल्या दुकानदारांच्या ग्रुपवर लिहिलं, की अपडेटनंतर ज्यांची अक्षरं बारीक झाली त्यांनी कळवावं, आपण एकत्र आवाज उठवू. एकानेही कळवलं नाही. चपलांच्या दुकानवाल्याने लिहिलं, आम्हाला तर पहिल्यापेक्षा छान दिसतंय. त्याला त्याबद्दल काय मिळालं हे कळायला मार्ग नाही. आणखी कुणीतरी लिहिलं, डॉक्टर, तुमचा मेसेज वाचता येत नाही, अर्धी अक्षरं भलतीच आहेत. कीबोर्डसुद्धा त्यांनी सोडलेला नाही.

(मी डॉक्टर नाही. पण सगळी गल्ली डॉक्टर म्हणते आणि लोकांचा उत्साह मोडणं माझ्या स्वभावात नाही.)

सकाळची चाचणी: पास. आज तर गंमत झाली. शेवटची ओळ वाचून उठलो तेव्हा लक्षात आलं, तक्त्याच्या पेटीतला दिवाच लावलेला नव्हता. अंधारातसुद्धा आठही अक्षरं. लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिला म्हटलं, बघ, याला नजर म्हणतात. तिने पुढे होऊन दिवा लावला.

दुपारी ती स्टुलावर चढून तक्त्यापाशी खुडबुड करत होती. विचारलं तर म्हणाली, धूळ पुसते. इतक्या महिन्यांत तिला त्या तक्त्याचा पुळका आलेला मी पाहिला नव्हता.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चाचणी: पास. लेक मुद्दाम शेजारी येऊन उभी राहिली होती. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली आणि मग आत निघून गेली. कौतुक वाटलं असणार. आजकालची पोरं तोंडावर बोलत नाहीत.

दिवसभर सगळी गिऱ्हाइकं तिने तपासणीसाठी आत नेली, तिच्या स्क्रीनवर. माझ्या खुर्चीत कुणी बसलंच नाही. फिटिंग तेवढं माझ्याकडे ठेवलं आहे. खुर्ची जाते तेव्हा अशीच हळूहळू जाते, हे मी इतर धंद्यांत पाहिलं आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

प्रकरण वाटलं त्यापेक्षा मोठं आहे.

वर्तमानपत्राची अक्षरंही बारीक झाली आहेत. शाई वाचवत असतील असं आधी वाटलं. मग टीव्हीच्या खालची पट्टी पाहिली. तीच तऱ्हा. संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना रस्त्यावरचे दिवे फुललेले, प्रत्येकाभोवती पांढरी कडी. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे तर ताटाएवढे. म्हणजे एकट्या फोन कंपनीचं हे काम नाही. एकाच वेळी सगळीकडे अपडेट टाकला आहे.

घरी हे सांगितलं. ही ताट वाढता वाढता थांबली. तिने स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. कारण विचारलं तर म्हणाली, चालायचा संकल्प केला आहे ना, मग चाला.

चाचणी: पास.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून स्केचपेन. बॉलपेनची शाईसुद्धा फिकट झाली आहे.

आमचे शिंपीकाका, म्हणजे माझं पहिलं गिऱ्हाईक, त्यांचा जवळचा चष्मा आज दिला. लेकीने नंबर काढून फोनवर पाठवला होता, मी काचा घासून बसवल्या. बारीक अक्षरातून नंबर शोधायला वेळ लागला, पण काम चोख. काकांच्या नाकावर चष्मा ठेवला, दांड्या कानामागे वाकवल्या, ते म्हणाले, डॉक्टर, तुमच्या हाताला तोड नाही. मी लेकीकडे बघितलं. ती फोनमध्ये बघत होती.

चाचणी: पास.

१६ नोव्हेंबर, शनिवार

शिंपीकाका येऊन गेले. म्हणाले, सुईचं भोक दिसतं, पण तोंड मशीनला टेकवल्यावर दिसतं. मान धरली आहे. त्यांना सांगितलं, नवा चष्मा अंगवळणी पडायला आठवडा लागतो. हे मी सगळ्यांना सांगतो आणि आठवड्याने बहुतेक जण परत येत नाहीत, म्हणजे पडतच असणार.

लेक म्हणाली, बाबा, बघू का तो चष्मा एकदा? मी म्हटलं, तू या दुकानात यायच्या आधीपासून ते माझ्या हातचा चष्मा वापरतात.

चाचणी: पास.

१८ नोव्हेंबर, सोमवार

वाईट झालं.

काल शिंपीकाकांच्या बोटात मशीनची सुई गेली. नखातून आरपार. कोटाची बाही जोडत होते. डोकं खाली घालून शिवत होते, बोट कुठे आहे ते कळलंच नाही म्हणे. त्यांची सून चष्मा घेऊन आली. चिडली नव्हती, नुसतं म्हणाली की बघता का जरा.

लेकीने चष्मा नंबर मोजायच्या मशीनवर लावला. उजवी काच पावणेतीनची, म्हणजे २.७५. तिने सव्वादोन, २.२५ पाठवला होता.

मी लगेच फोन काढून तिला दाखवलं. म्हटलं, हे बघ, या अपडेटच्या अक्षरांत दोन कुठला आणि सात कुठला, कुणाला कळणार आहे? कंपनीवर दावा लावला पाहिजे, एका माणसाचं बोट गेलं असतं. तिने फोन हातात घेतला, हात लांब करून बघितला, मग जवळून बघितला. म्हणाली, बाबा, हा दोन आहे. इतक्या हळू म्हणाली की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

जेवण गेलं नाही. बोट डोळ्यांसमोरून हलत नाही. शिंप्याचं बोट आहे ते.

उद्याच अपडेट काढून टाकायचा. आता माघार नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळ

फिरायला गेलो. म्हणजे रस्ता ओलांडून मोबाईलवालीकडे.

तिला सांगितलं, अपडेट उपटून काढा, जुना फोन परत करा. तिने फोन घेतला, इकडेतिकडे बोट फिरवलं आणि म्हणाली, काका, यात अपडेट झालेलाच नाही.

मी म्हटलं, जरा हळू बोला.

ती म्हणाली, फोनमध्ये जागाच नाही. त्या दिवशी रात्री आपोआप टाकायला गेला, मावला नाही. तसा मेसेजही येतो सकाळी, जागा कमी असल्याने अपडेट झाला नाही म्हणून. तुम्ही ओके केलं असेल. वर तुम्ही काहीबाही स्क्रीनशॉट काढून आणखी फोन भरला आहे. हे बघा, इथे लिहिलंय, स्वतःच वाचा.

मी म्हटलं, चष्मा दुकानात राहिला.

ती माझ्या नाकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं. चष्मा नाकावर होता.

याचे अर्थ दोन निघतात. एक, मोबाईलवाली कंपनीला सामील आहे. दुसरा अर्थ उद्या सवडीने पाहीन.

चाचणी आज दोनदा घेतली. दोन्ही वेळा पास. हे कसं नाकारणार?

२० नोव्हेंबर, बुधवार, दुपार

दुकानातच बसून लिहितो आहे. लिहिलं नाही तर उद्या मी हे वेगळंच काहीतरी आठवेन, माझा मला भरवसा नाही.

सकाळी शिंपीकाका आले. बोटाला जाड पट्टी. लेकीने त्यांचा चष्मा नव्याने बसवून ठेवला होता, तो त्यांच्या नाकावर ठेवला. त्यांनी खिशातून दोरा काढून पाहिला, मान डोलावली. मग लेक म्हणाली, बाबा, आजपासून फिटिंगही मी करते.

गिऱ्हाइकासमोर. शिंपीकाकांसमोर. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, माझ्या नजरेत खोट आहे असं तुला म्हणायचं आहे ना, मग सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. खुर्चीत बसलो. डावा डोळा तळहाताने झाकला. ती म्हणाली, बाबा, नको, आपण आत जाऊन बघू. मी म्हटलं, इथेच. ती म्हणाली, मग वरून सुरू करा. मी म्हटलं, वरच्या ओळी गिऱ्हाइकांसाठी असतात.

आणि शेवटची ओळ वाचली. आठही अक्षरं, एका दमात, खणखणीत.

ही गल्ल्यावर फ्रेम पुसत होती, तिचा हात थांबला. लेक तक्त्यापाशी गेली, स्टुलावर चढली, आणि तक्त्याच्या खालच्या भागावरून एक कागद सोलून काढला. पांढरा, कोरा कागद. खालच्या दोन ओळींवर बरोबर मापाने कापून चिकटवलेला. म्हणाली, मागच्या आठवड्यात सोमवारी लावला होता, तुम्ही दिव्याशिवाय वाचलंत त्या दिवशी. रोज वाटायचं, आज तुम्हाला दिसेल. रोज वाटायचं, आज सांगू. रोज तुम्ही इतके खूष होऊन उठायचात.

मी मागची पानं चाळून बघितली नाहीत. कितीदा पास लिहिलं आहे ते मला ठाऊक आहे.

शिंपीकाका उठले. म्हणाले, डॉक्टर, मी निघतो, मी आज चष्मा विसरून आलोय, मला इथलं काही दिसलं नाही. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली. दिसत नाही याची वाटली, पण त्याहून जास्त, त्या बोटात सुई माझ्यामुळे गेली आणि मी उद्याही कुणालातरी तसाच चष्मा दिला असता याची.

लेकीने हात धरून आत नेलं. तिच्या स्क्रीनवर बटण दाबलं की अक्षरं बदलतात. पाठ करता येत नाहीत. तिसऱ्या ओळीला अडकलो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पुरता पिकलेला. वर्षभर तरी चालला असेल, असं लेक म्हणते. आज हॉस्पिटलात नेऊन तारीख घेतली.

मी आजवर खुर्चीतल्या कितीतरी माणसांना सांगितलं आहे, अहो मोतीबिंदू म्हणजे काहीच नाही, झोपा आणि उठा. ती माणसं तरी पुन्हा पुन्हा विचारायची, दुखेल का, नीट दिसेल ना, आणि मी मनात वैतागायचो. आज मी लेकीला दुखेल का हे तीनदा विचारलं. नीट दिसेल ना हे किती वेळा ते सांगत नाही. ती वैतागली नाही. हे कॉलेजात शिकवतात की काय, कुणास ठाऊक.

१२ डिसेंबर, गुरुवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले. थेंब चालू आहेत. डावा पुढच्या महिन्यात. पुन्हा बॉलपेन. शाई ठीक आहे.

दुकानात आलो. काचेच्या कपाटावर बोटभर धूळ. हिच्या कानामागचे केस पांढरे झालेत, ते मला कुणी कळवलं नव्हतं. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, तुमच्या डोळ्यांदेखतच झाले.

मोबाईलवालीने माझे पुरावे पुसायला मागितले. पुसण्याआधी एकदा बघितले. सगळ्या स्क्रीनशॉटमधली अक्षरं ठसठशीत आहेत, एकही बारीक नाही. माझ्या तक्रारीची दखल घेऊन कंपनीने जुने फोटोही दुरुस्त केले असण्याची शक्यता मी नाकारत नाही, पण फार जोर देऊन म्हणत नाही.

जागा झाली. तिने अपडेट टाकला. मी फोन हातात घेऊन डोळ्यांत तेल घालून बघितला, हा कोपरा, तो कोपरा. मोठा अपडेट म्हणे. काही बदललेलं नाही.

दुपारी शिंपीकाका बायकोला घेऊन आले. बोट बरं झालं आहे, नख अजून यायचं आहे. काकूंना शिवण दिसेनाशी झाली आहे. त्यांनी दारातूनच नेहमीसारखी हाक मारली, डॉक्टर, आहात का?

मी खुर्चीतून उठलो आणि आत जाऊन लेकीला सांगितलं, तुला बोलावताहेत.